बाळकुमच्या देवीच्या चार रुपये नऊ आणे व्याजाची बखर

श्रीगावदेवी समर्थ. शके अठराशे चौऱ्याहत्तर, नंदननाम संवत्सरे, ज्येष्ठमासी, मौजे बाळकुम, तालुके ठाणे, येथे बँकेचे व्याजाचे कारणे जो प्रसंग गुदरला आणि जी मोहीम टेंभी नाक्यापावेतो गेली, तिची हकीकत लिहून ठेवणे ऐसा समस्त गावकीचा हुकूम जाहला. हुकूम होण्याचे कारण ऐसे की, बाळकुमचे लोक पंधरा वर्षांमागे कोणाचे लग्नात वालाचे बिरडे खारट जाहले होते ते बिनचूक सांगतील, परंतु मागल्या महिन्यात कोणी कोणास चोर म्हटले हे विचारिले तर साफ कानांवर हात ठेवतील. याजकरिता लिहिणे प्राप्त. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे न घालता हकीकत समजली नसती, म्हणून घातले.

राजश्री परशुराम गोविंद भोईर, मिठागरवाले, हे या मोहिमेचे नायक. वय पन्नाशीचे, शिक्षण चार इयत्ता, तळपायांस मिठाच्या भेगा, आणि मिठाचे मापात चिमूटभर रेती आयुष्यात कधी मिसळली नाही ऐसा लौकिक. एकेचाळीस उंबऱ्यांचे गावात सरकारास प्राप्तिकर देणारा आसामी एकच, तो हा. दर साली सरकारचा लांबोडा लखोटा येई, आणि पोस्टमन गावात शिरला ऐसी खबर लागताच परशुराम ओसरीवर येऊन उभे राहत, आणि लखोटा पुढे आला तरी हात जरा उशिराने पुढे करीत, की आजूबाजूच्या चार घरांनी नीट पाहून घ्यावे. त्यांचे कुटुंब बायजाबाई, जबान तिखट, त्या चुलीपाशी बसूनच बोलत, "लोकं पैसं येताना नाचतान, आमचा मानूस पैसं जाताना मिशीला तूप लावतंय." परशुराम ते ऐकत आणि मिशीवरून हात फिरवीतच.

आता देवीचे खजिन्याची हकीकत ऐसी. बाळकुमात ज्या घरी लग्न होईल त्या घराने देवीस सव्वा रुपया देणे, आणि त्या रकमेतून गावजेवणाची तांब्याची भांडी घेणे, ऐसा रिवाज वडिलोपार्जित. ही रक्कम सोळा वर्षे परशुरामाचे घरी लोखंडी पेटीत असे. मागले साली पेटीस तळाशी भोक पडले आणि वाळवी आत शिरली, आणि दहा-दहाच्या दोन नोटा तिने फस्त केल्या. परशुरामाने नोटांचा भुगा सुपात घालून देवळात आणून दाखविला, आणि मग गावकीची मसलत होऊन ठरले की रक्कम ठाण्यास बँकेत ठेवावी. तेव्हा तीनशे पाच रुपये घेऊन पाच मातबर मंडळी बँकेत दाखल जाहली. तेथील कारकुनाने विचारिले की खाते कोणाचे नावे. मंडळी म्हणाली, देवीचे. कारकून म्हणाला, देवी सही करील काय. तेव्हा सर्वांनी मिळून परशुरामास पुढे ढकलिले आणि पुस्तकावर त्यांचे नाव पडले. ढकलणारांत सर्वांत पुढचा हात काळुराम केणी यांचा होता, ही गोष्ट वाचणाराने ध्यानी ठेवावी.

शके चौऱ्याहत्तरचे ज्येष्ठात, मीठ झाकून बंदोबस्त केल्यावर, परशुराम रिवाजाप्रमाणे रिटर्न भरण्यास ठाण्यास रवाना जाहले. टेंभी नाक्यावर भाऊ कारखानीस म्हणून कागद लिहून देणारे बसत. आडनाव कारखानीस, परंतु कारखाना म्हणाल तर एक मेज, दोन दौती आणि गिऱ्हाइकासाठी एक बाकडे, त्याचाही एक पाय विटांवर. कायद्याचे ज्ञान मात्र अफाट. भाऊंनी फॉर्म पसरिला आणि मिठागराचे उत्पन्न चार हजार एकशे रुपये मांडिले, आणि परशुराम पुढले कागद काढावयास बासन सोडतात तो त्यातून देवीचे पासबुक घसरून मेजावर आपटले. भाऊंनी ते उचलले आणि उघडले, आणि त्यांची नजर तांबड्या शाईच्या एका ओळीवर ठरली. तेथे लिहिले होते, व्याज, रुपये चार, आणे नऊ.

भाऊ म्हणाले, "परशुरामशेट, हे व्याज लिहायचं राहिलं की."

"भाऊसाहेब, ते आमचं नाय. देवीचं हाय."

"पुस्तकावर नाव कोणाचं?"

"नाव माजं."

"मग व्याजही तुमचं. चार आणे असतं तरी दाखवावं लागलं असतं. खाली सही कशावर करता ते ठाऊक आहे ना? वर लिहिलं ते सगळं खरं, काही लपवलं नाही, असं म्हणून करता. खोटं निघालं तर सरकार आत टाकतं." ऐसे बोलून भाऊंनी कागदाचे कोपऱ्यात हिशेब केला, आणि रुपयास नऊ पै या दराने त्या व्याजावर कर तीन आणे पाच पै निघाला. तो मांडून ते टाक दौतीत बुडवून लिहावयास वाकले. परशुरामाने झटकन त्यांचे मनगट धरिले. टाकातील शाईचा थेंब मेजावर पडला. परशुराम म्हणाले, थांबा, मला गावकीस विचारिले पाहिजे. भाऊंनी कपाळास हात लाविला, आणि मुदतीस अकरा दिवस उरले आहेत ऐसे बजावून फॉर्म परत बांधून दिला.

घरी येताच बायजाबाईंनी सारे ऐकून घेतले आणि सल्ला दिला की चार रुपयांचे काय ते मुकाट्याने लिहून टाकावे, आणि तीन आणे पाच पै आपण भराव्या, आणि गावात कोणास हूं की चूं करू नये. सल्ला लाख मोलाचा होता. परंतु परशुराम सरळ माणूस, आणि सरळ माणसास गप्प बसणे म्हणजे चोरी वाटते. त्यांनी दुसरे दिवशीच गावकी बोलाविली आणि आपल्या हाताने आपली मान गनिमाचे हाती दिली.

गनीम म्हणजे काळुराम केणी. हा मोठा हिकमती माणूस. याने मुंबईच्या एका शेटजीचे खाडीकाठचे साठ बिघे खाजण खंडाने केले होते, आणि शेटजी गाफील राहिला तो बारा वर्षे याने जमिनीचा सारा परस्पर भरला आणि पावत्या पत्र्याच्या डब्यात जमविल्या. मग कूळकायदा येताच डबा मामलतीत नेऊन उघडिला, आणि शेटजी छातीवर हात मारीत राहिला आणि खाजण काळुरामाचे जाहले. त्या दिवसापासून बाळकुमात ऐसा पक्का समज बसला की, ज्याची पावती त्याची चीज. जो सारा भरील तो मालक, बाकीचे सारे बोलण्याचे धनी. शहाण्या माणसांनी हसावे ऐसा हा समज नव्हे. या गावाने तो डोळ्यांदेखत खरा होताना पाहिला होता.

देवळाचे अंगणात गावकी भरली. पुरुष पारावर आणि बायका खाली, आणि परशुरामाने सर्व मजकूर जसाचे तसा निवेदन केला. मग काळुराम उभे राहिले आणि त्यांनी उपरण्याने घाम पुसला आणि सवाल टाकिला की, व्याज सरकारास दाखविणे तर दाखवा, परंतु ते तीन आणे पाच पै भरणार कोण. परशुरामाने भरले तर पावती परशुरामाची, म्हणजे व्याज परशुरामाचे, आणि ज्याचे व्याज त्याचे मुद्दल, म्हणजे देवीचे तीनशे पाच रुपये परशुरामाचे आणि त्यामागे त्यांचे पोरांचे. आणि देवीचे रकमेतून भरावे तर पैसे काढण्यास सही परशुरामाची आणि पावतीही परशुरामाचीच, म्हणजे देवीचे पैशाने परशुरामाने मालकी विकत घेतली ऐसे होईल. सभेत कुजबूज सुटली. गेल्याच साली ज्यांनी परशुरामास पुढे ढकलिले होते, तेच माना डोलवू लागले.

येथवर ठीक होते. परंतु काळुरामास थांबणे ठाऊक नाही. त्याने हसून पुढे जोडिले, "आन ती वाळवी तरी कुनी बगितली? भुगा बगितला आमी. भुगा तं चुलीवरच्या कागदाचाबी व्हतो."

हे शब्द ऐकताच परशुरामाचे तोंडचे पाणी पळाले. सोळा वर्षे ती पेटी त्यांचे उशाशी होती. सोळा वर्षे परगावी मुक्काम करावयाचा तर आधी पेटीकडे पाहावे आणि मग चप्पल घालावी, ऐसा त्यांचा क्रम. आणि आज एकेचाळीस घरांचे समोर एका वाक्यात सारे धुऊन गेले, आणि एकही माणूस उठून नाही म्हणाला नाही. वाईट त्याचेच वाटले. काळुराम तर काळुरामच. पण बाकीचे एकोणचाळीस? परशुराम खाली बसले आणि जमिनीकडे पाहत राहिले.

मग म्हाताऱ्या मंडळींनी तजवीज काढिली की देवीचाच कौल घ्यावा. गणू भगत यांनी आंघोळ करून देवीचे पाषाणास पाण्याने भिजविलेल्या दोन पाकळ्या चिकटविल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, ऐसा कायदा, आणि यावर अपील नाही. पहिला प्रश्न घातला की आई, तुझे व्याज सरकारास दाखवावे काय. शब्द संपतो न संपतो तो उजवी पाकळी टपकन खाली आली. देवी स्वतः प्रामाणिक, तिला कसली भीती. मग पाकळी पुन्हा लावून दुसरा प्रश्न घातला, कर परशुरामाने भरावा काय. पाकळ्या हलेनात. मग विचारिले, कर तुझे तू भरतेस काय. पाकळ्या हलेनात. सूर्य डोकीवर आला, पोरे रडू लागली, चुली विझल्या, दोन कोंबड्या गाभाऱ्याचे उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि हाकलल्या तरी पुन्हा आल्या, आणि पाकळ्या जागच्या जागी. काळुराम म्हणाले की भगताने पाणी जास्त लाविले. गणू भगत संतापले आणि म्हणाले की देवी पटकी-देवीचे साथीचे दिवसांत गावास सांभाळते, तिला आण्या-पैच्या भानगडीत घालता, लाजा धरा.

तेव्हा बायकांचे घोळक्यातून बायजाबाई उठल्या. गावकीत बाईमाणसाने बोलावे ऐसा रिवाज नाही, परंतु नवऱ्याची मान खाली गेलेली पाहून त्यांचे पित्त खवळले होते. डोईवरून मीठ विकून ज्यांचा जन्म गेला, त्यांस पैचा हिशेब बोटांवर. त्या म्हणाल्या, "तीन आण्यांच्या पै किती? छत्तीस. वर पाच. झाल्या ना एकेचालीस? आन गावान उंबरं किती हान? एकेचालीस. मंग उंबऱ्याला एकेक पै काढा ना! जो भरल तो मालक बोलता ना, मंग समदेच भरा आन समदेच मालक व्हा. माज्या घोवाला कनाला चोर करता?"

आणि तशात उजवी पाकळी सुटली आणि देवीचे पायांशी पडली. वारा सुटला होता ऐसे काळुरामाचे म्हणणे, परंतु ते म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. एकच गलका उसळला, आणि गणू भगतांनी घंटा बडविली, आणि मसलत कायम जाहली.

आता पै गोळा करण्याची स्वारी निघाली. बोलणे सोपे, परंतु पै म्हणजे काही आणा नव्हे की कमरेस सापडेल. टांकसाळीने पै पाडणे केव्हाच सोडून दिले होते आणि दुकानदार ती हाती घेत नसत. गावाने मग फडताळे उपसली, देव्हारे हलविले, पाळण्याखालच्या डब्या उघडिल्या. कोणाची पै वजनाचे काट्यास पासंग म्हणून बांधलेली निघाली, ती सोडविली. ठमाबाई म्हणून एकटी म्हातारी, तिने लुगड्याचे ओच्याची गाठ सोडून राणीचे मुखवट्याची झिजलेली पै काढिली आणि परशुरामाचे हातावर आपटली आणि म्हणाली, "ने. आता मीबी मालकीण." चाळीस पै येणेप्रमाणे तीन दिवसांत दाखल जाहल्या. काळुरामांनी मात्र एक आणा काढून दिला आणि अकरा पै परत मागितल्या. परशुराम उन्हात कोलशेतपावेतो पायी गेले, आणि एका वाण्याचे गल्ल्याखालून बारा पै मिळवून आणिल्या, आणि अकरा काळुरामाचे ओटीवर मोजून ठेवून बारावी थैलीत टाकिली.

मुदत संपण्यास दोन दिवस उरता मोहिमेने कूच केले. पुढे परशुराम, पांढरा सदरा, डोईवर नवी टोपी, काखेत बासन. मागे गणू भगत, पैची थैली त्यांचे गळ्यात. आणि नजर ठेवावयास म्हणून काळुराम, धुवट धोतर, बोटात अंगठ्या. बायजाबाई मागाहून येऊ लागल्या तेव्हा परशुरामाने परत जा ऐसा हुकूम केला, आणि तो त्यांनी मानला नाही, आणि त्या आल्या. माजिवड्यास पाणी पिऊन, टेंभी नाक्यावर भाऊ कारखानीसांस बरोबर घेऊन, फौज प्राप्तिकराचे कचेरीत दाखल जाहली. वाटेत भाऊंनी डोके आपटून सांगितले की कर आज भरावयाचा नसतो, आधी कागद, मग हुकूम, मग तिजोरीत भरणा. परंतु ज्या पै तीन दिवस फडताळे उपसून काढिल्या त्या साहेबांचे नजरेस न घालता परत नेणे कोणासही कबूल होईना.

साहेब मेहेरबान तरुण गृहस्थ होते, मितभाषी, टेबलावर कागदांचे ढीग. भाऊंनी फॉर्म पुढे ठेविला आणि त्यासोबत जोडलेली पुरवणी, तीत सव्वा रुपयापासून वाळवीपर्यंत सर्व हकीकत. साहेब वाचू लागले. तशात गणू भगतांस राहवले नाही आणि त्यांनी थैली टेबलावर उपडी केली, आणि एकेचाळीस पै घरंगळत शाईचे दौतीपावेतो गेल्या. शिपाई धावला. साहेबांनी हाताने त्यास थोपविले आणि एक पै उचलून उजेडात धरिली, आणि मग परशुरामाकडे पाहून विचारिले, "सोळा वर्षं पैसे तुमच्याकडे होते. स्वतःसाठी कधी एक पै तरी काढलीत?"

हा सवाल गनिमाचे तोफेहून कठीण. नाही म्हणून मोकळे व्हावे, तर परशुरामाची जीभ अडली. ते म्हणाले, "काढली नाय साहेब. पन पेटी उघडलेली एकदा. पोरगी माजी, हेमा, तापानं फणफणलेली. डाक्टर धा रुपये बोलला. पेटी उघडली, नोट हातान घेतली. मंग परत ठेवली आन हिच्या कानांतल्या बुगड्या इकल्या." बायजाबाईंनी पदराने तोंड झाकले. ही गोष्ट गावात कोणास ठाऊक नव्हती. गणू भगत डोळे पुसू लागले, आणि काळुराम भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले, जरी ते इंग्रजी होते.

मग साहेबांनी तांबडी शाई घेतली आणि चार रुपये नऊ आण्यांवर आडवी रेघ मारिली आणि बाजूस इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. भाऊंनी त्या मराठीत सांगितल्या. हुकूम येणेप्रमाणे: हे व्याज या करदात्याचे नव्हे, देवीचे आणि गावाचे, करदात्याने ते लपविले नाही, आपण होऊन दाखविले, यावर कर नाही. आणि साहेबांनी एकेचाळीस पै उचलून नेण्यास फर्माविले. गणू भगतांस वाटले की देवीचा अपमान जाहला की काय. भाऊंनी त्यांस समजाविले की हीच फत्ते.

परंतु मोहीम येथे संपत नाही. साहेबांनी आणखी एक सूचना केली, की एकट्याचे नावे गावाचा पैसा ठेवल्याने माणसावर नाहक किटाळ येते, तर बँकेच्या पुस्तकावर आणखी एक नाव घालावे. दुसऱ्या इसमानेही दर साली आपले रिटर्नमध्ये हे व्याज याचप्रमाणे दाखवावे म्हणजे जाहले. दुसरा इसम कोण?

परशुरामाने मान वर केली. नऊ दिवसांत प्रथमच त्यांचे आवाजास धार आली. ते म्हणाले, "काळुराम केणींचं नाव घाला साहेब. गावान त्यांनाच समद्यांत जास्त काळजी हाय."

साहेबांनी टाक उचलिला. "केणी? तुमचं रिटर्न कुठं असतं? उत्पन्न काय?"

काळुरामाची मुद्रा तत्क्षणी पांढरी पडली. साठ बिघे खाजण, रेती वाहणारे दोन पडाव, भाड्याच्या तीन खोल्या, आणि बापजन्मी फॉर्म कसा असतो तो पाहिलेला नाही. पुस्तकावर नाव म्हणजे रिटर्न, आणि रिटर्न म्हणजे प्रत्येक रकान्यात एक सवाल, आणि खाली ती सही की वर लिहिले ते सारे खरे. ज्याने पावत्यांचे जोरावर शेटजी बुडविला, तो एका कोऱ्या रकान्यास भ्याला. कपाळी घाम सुटला आणि उपरणे सापडेना. ते अडखळत वदले की मी अडाणी माणूस, मला यात घालू नये, दुसरे नाव हवेच कशाला, परशुरामभाऊ एकटे पुरे, त्यांचेसारखा स्वच्छ माणूस पंचक्रोशीत नाही, गावकीचा त्यांचेवर पूर्ण भरवसा आहे.

गणू भगत आ वासून पाहत राहिले. बायजाबाई म्हणाल्या, "आता ग बाय!" आणि परशुराम म्हणाले, "मंग लिवून द्या."

काळुराम म्हणाले, तोंडाने सांगितले ते पुरे. परशुराम म्हणाले, "तोंडानं तुमी त्या दिशीबी सांगितलेलं. समद्या गावासमोर. आता कागदावर सांगा." भाऊ कारखानीसांनी तेवढ्यात कागद काढून मजकूर लिहिलाही होता. त्यात ऐसे की, देवीचा खजिना सोळा वर्षे परशुराम गोविंद भोईर यांचेकडे होता, नोटा वाळवीने खाल्ल्या त्या वाळवीनेच खाल्ल्या, आणि सदर भोईरांनी देवीची एक पै खाल्ली नाही, हे मी जाणतो. सही अथवा निशाणी. काळुरामाने साहेबांकडे पाहिले, टाकाकडे पाहिले, दाराकडे पाहिले. मग सही केली. साक्षीस गणू भगतांचा अंगठा. साहेबांनी त्यांचे नाव, गाव आणि खाजणाचा आकडा सहज म्हणून एका चिठ्ठीवर टिपून घेतला, आणि चिठ्ठी कोठे ठेविली ती काळुराम परतीचे वाटेवर आठवीत राहिले.

येणेप्रमाणे ज्येष्ठ वद्य सप्तमीस मोहीम फत्ते जाहली. खर्चखाते: कर शून्य, भाऊंचा मेहनताना सव्वा रुपया, तो त्यांनी देवीचे नावे परत केला, चप्पल एक, परशुरामाची, कोलशेतचे वाटेवर तुटली. पै ज्याच्या त्याच्या घरी पोहोचविल्या. चाळीस घरांनी परत घेतल्या नाहीत, देवीस वाहा म्हणाले, आणि त्यांतल्या बऱ्याचजणांनी हे बोलताना परशुरामाचे डोळ्यांस डोळा दिला नाही. एकेचाळिसाव्या घराने घेतली.

आणि परशुराम सायंकाळी ओसरीवर बसले आणि त्यांनी तो कागद उलगडिला आणि मोठ्याने वाचिला. एकवार वाचिला, दुसरेवार वाचिला, आणि तिसरेवार वाचावयास घेतला तो "एक पै खाल्ली नाही" या ठिकाणी आवाज फुटला आणि ते पंचाहत्तर पावसाळे पाहिलेल्या म्हाताऱ्यासारखे हुंदके देऊन रडले. हा मजकूर काळुरामाने भीतीने लिहिला, विश्वासाने नव्हे, हे ते जाणत होते. तरी रडले. बायजाबाई जवळ येऊन बसल्या आणि त्यांचे पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मना कुनी लिवून द्यायला नको व्हता. मना ठाव व्हता."

परशुरामाने कागदाची घडी केली आणि सदऱ्याचे खिशात ठेविली. मग ती काढून बायजाबाईंचे हाती दिली आणि म्हणाले, ठेव कुठेतरी. इतके लिहून हकीकत गावकीचे दफ्तरी दाखल केली. खरे ते लिहिले आहे, आणि खाली सही आहे.